क्रूझवरून दारू आणायचीय? मग सेंट थॉमसला उतरा

मागच्या डिसेंबरात आम्ही दोन फॅमिली फोर्ट लॉडरडेलवरून ७ रात्रींच्या क्रूझला गेलो होतो, बहामासमधलं नासाऊ, पोर्टो रिकोमधलं सॅन हुआन, सेंट थॉमस आणि सेंट मार्टेन असा रूट होता. परत आल्यापासून बीच कसे होते हे कुणी विचारत नाही, जो तो विचारतो की तिकडे दारू खरंच स्वस्त मिळते का आणि किती आणता येते. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून दमलो म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. हे अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, भारतात न्यायची असेल तर त्याचं शेवटी लिहिलंय.

आधी किती आणता येते ते बघू कारण घोळ सगळा तिथेच होतो. अमेरिकेत राहणारा माणूस बाहेरून परत येताना साधारणपणे ८०० डॉलरपर्यंतचं सामान ड्यूटी न भरता आणू शकतो आणि त्यात दारू धरायची फक्त १ लिटर, वय २१ पूर्ण पाहिजे. जमैका, बार्बाडोस, बहामास वगैरे कॅरिबियन देशांमधून येत असाल तर २ लिटर, पण त्यातला किमान १ लिटर तिथल्याच एखाद्या देशात बनलेला पाहिजे, म्हणजे एक स्कॉच आणि एक जमैकन रम चालेल, दोन्ही स्कॉच नाही चालणार. मेक्सिको यात येत नाही, त्यामुळे कोझुमेलला टकिलाच्या कितीही सुंदर बाटल्या दिसल्या तरी माणशी १ लिटरच.

युएस व्हर्जिन आयलंड्सचा, म्हणजे सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉयचा हिशोब मात्र वेगळा आहे. ही बेटं अमेरिकेचीच, १९१७ साली डेन्मार्ककडून २.५ कोटी डॉलरला विकत घेतलेली, पण अमेरिकेच्या कस्टम्सच्या हद्दीबाहेर ठेवलेली. त्यामुळे तिथून येताना सूट १६०० डॉलरची आणि दारू माणशी ५ लिटर. अट अशी की त्यातली किमान ४ लिटर त्या बेटांवरच विकत घेतलेली पाहिजे आणि किमान १ लिटर तिथेच बनलेली पाहिजे. नवरा-बायको दोघं असाल तर १० लिटर झाली. पोरांच्या नावावर दारू धरता येत नाही, बाकी सामानाची सूट एकत्र धरता येते.

आणि हो, आई-बाबा भारतातून व्हिजिटर व्हिसावर आलेत आणि त्यांनाही क्रूझला नेताय तर त्यांचे ५-५ लिटर मोजू नका. ते इथले रहिवासी नाहीत, त्यांना १ लिटरच.

आता ती 'तिथेच बनलेली' ही अट लोक फार हलक्यात घेतात. आमच्यातला एकजण, रमचा मोठा जाणकार समजतो स्वतःला, त्याने दुकानात चार लिटर स्कॉच उचलली आणि पाचवी बाटली माउंट गे रमची. म्हणे कॅरिबियन रम आहे की, झालं लोकल. माउंट गे बार्बाडोसची! फार भारी रम आहे, त्यांच्याकडे डिस्टिलरीचा १७०३ सालचा कागद आहे, सगळं खरं, पण व्हर्जिन आयलंड्सची नाही. काउंटरवरच्या बाईने बाटल्या बघितल्या, काही न बोलता माउंट गे बाजूला सरकवली आणि मागच्या रॅकवरून क्रूझान काढून ठेवली. दिवसातून पन्नास वेळा करत असणार ती हे. क्रूझान सेंट क्रॉयवर बनते, आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं पण कॅप्टन मॉर्गनसुद्धा आता सेंट क्रॉयलाच बनते, त्यामुळे लोकल बाटली म्हणून दोन्ही चालतात. बाटली फिरवून लेबलवर व्हर्जिन आयलंड्स लिहिलंय का तेवढं बघा, फ्लेवरवाल्या आणि क्रीमवाल्या बाटल्यांचं तर नक्कीच बघा.

सॅन हुआनची गंमत उलटी आहे. पोर्टो रिको कस्टम्सच्या हद्दीच्या आत येतं, म्हणजे तिथे घेतलेली बाटली ही मायामीत घेतल्यासारखीच, ड्यूटी-फ्री नाही पण मग ती तुमच्या लिटरांच्या कोट्यातही मोजत नाहीत. डॉन क्यू तिथली घरची रम आहे, पॉन्स गावात बनते, लोकल लोक बकार्डीपेक्षा तीच जास्त पितात असं तिथला प्रत्येक टॅक्सीवाला सांगतो. एखादी चांगली जुनी डॉन क्यू घ्यायची असेल तर सरळ तिथे घ्या, बिल जपून ठेवा आणि कोटा सेंट थॉमससाठी राखा.

आता स्वस्त म्हणजे किती स्वस्त. इथे लोक फसतात ते मिलीमध्ये. अमेरिकेतल्या दुकानात आपला खंबा ७५० मिलीचा असतो आणि ड्यूटी-फ्रीमध्ये बहुतेक बाटल्या १ लिटरच्या असतात. मग काय होतं, घरी जी स्कॉच ३६ डॉलरला दिसते ती इथे ४२ ला दिसली की माणूस म्हणतो अरे ही तर महाग आहे, ठेव खाली. पण ३६ ला ७५० म्हणजे लिटरला ४८ पडली, इथे ४२, वर तिकडे घरी सेल्स टॅक्स, इथे सेंट थॉमसला सेल्स टॅक्स नाहीच. उलटंही होतं, मोठ्या होलसेल क्लबमध्ये १.७५ लिटरचा जो जार मिळतो त्याच्याशी लिटरमागे तुलना केली तर साध्या व्होडकात इथे काहीच वाचत नाही. म्हणून निघायच्या आधी आपण नेहमी घेतो त्या सात-आठ बाटल्यांचे घरच्या दुकानातले भाव लिटरमागे काढून फोनमध्ये लिहून ठेवा. लिहून ठेवा म्हणजे लिहूनच, कारण दुकानात शिरल्यावर रम टेस्टिंगचे ते इवलेसे प्लास्टिकचे कप पुढे येतात, फुकट असतात, बनाना रम, कोकोनट रम, मँगो रम, आणि बाहेर ऊन असतं टळटळीत. चौथ्या कपानंतर भागाकार जमत नाही, अनुभव आहे.

माझ्या मते साध्या व्होडका-जिनमध्ये जागा घालवू नये. कोटा लिटरमध्ये मोजतात, डॉलरमध्ये नाही, म्हणजे १२ डॉलरची बाटली असो की १५० ची, कोट्यातला एक लिटर गेलाच. मग तो लिटर भारी बाटलीवर का नाही खर्च करायचा. सिंगल माल्ट, कोन्याक, जुनी रम यात वाचतात ते पैसे खरे दिसतात. ड्यूटी-फ्रीसाठी म्हणून वेगळ्याच नावाने काढलेली माल्टं असतात, त्यातल्या बऱ्याच जणींवर वय, म्हणजे किती वर्षं मुरवलीय ते, लिहिलेलं नसतं, खोका मात्र फार देखणा, त्याला भुलू नका. लोकल बाटली कंपल्सरी आहेच तर क्रूझानची साधी घ्यायच्या ऐवजी त्यांची सिंगल बॅरल घ्या, बर्फावर नुसती प्यायला छान आहे, कोक घालून वाया घालवायची नाही.

आणि एक, जहाजावरचं दुकानही ड्यूटी-फ्रीच असतं. पहिल्याच दिवशी जाऊन तिथले भाव बघून या, घेऊ नका. शेवटच्या दिवशी तिथे कधीकधी दोन बाटल्यांवर डिस्काउंट वगैरे लागतो. पण जहाजावर घेतलेली बाटली ही सेंट थॉमसवर घेतलेली धरत नाहीत, म्हणजे ती पाच लिटरमधल्या त्या उरलेल्या एका लिटरमध्येच बसवावी लागते. तीच गोष्ट सेंट मार्टेनच्या बाटलीची.

सेंट थॉमसला जहाज दोनपैकी एका धक्क्यावर लागतं, हॅवनसाइट किंवा क्राउन बे. हॅवनसाइटला उतरलात तर समोरच दुकानांची रांग आहे, घाई असेल तर तिथेच उरका, पण वेळ असेल तर शार्लट अमाली या तिथल्या मुख्य गावात मेन स्ट्रीटला जा, मैल-दीड मैलावर आहे. उघड्या ट्रकला बाकडी ठोकल्यासारख्या त्यांच्या सफारी टॅक्सी असतात, माणशी भाडं ठरलेलं असतं, बसायच्या आधी विचारून घ्या. गाड्या डावीकडून चालतात, अमेरिकेच्या ताब्यातली ही एवढीच जागा जिथे असं आहे, पण स्टिअरिंगही डावीकडेच, त्यामुळे आपल्याला पाच मिनिटं एकदम घरी आल्यासारखं वाटतं आणि मग ड्रायव्हर भलत्याच बाजूला बसलेला दिसतो. मेन स्ट्रीटला अजून डॅनिश नावाच्या पाट्या आहेत, ड्रोनिंगेन्स गाडे म्हणजे राणीचा रस्ता. डॅनिश काळातली दगडी गोदामं आहेत जाड भिंतींची, त्यातच आता दागिन्यांची आणि दारूची दुकानं थाटलीत. आत शिरलं की एकदम गार.

भाव दुकानागणिक फार बदलत नाहीत, एक-दोन डॉलर इकडेतिकडे, त्यामुळे तीन दुकानं फिरून घामाघूम होण्यात अर्थ नाही. उलट जिथे बाटल्या नीट खोक्यात घालून, मधे पुठ्ठ्याचे कप्पे करून, वर धरायला हँडल लावून देतात तिथे घ्या. ५ लिटरचं खोकं भरतं साधारण ७-८ किलो, ते उन्हात हातात धरून चालायचंय. म्हणून खरेदी शेवटी, बीच आधी. आमचं उलटं झालं आणि दोन खोकी मेगन्स बेच्या वाळूत एका झाडाखाली ठेवून आळीपाळीने राखण करत बसावं लागलं, मी पाण्यात अर्धा तास पण नव्हतो.

बिलावर प्रत्येक बाटली वेगळी लिहिलेली आहे ना, मिली लिहिलेत ना, बघून घ्या. दोघांचा कोटा असेल तर दोन बिलं करून घेतलेली बरी पडतात, नंतर कुणाचं काय हे सांगायला सोपं जातं. पासपोर्ट किंवा आयडी जवळ ठेवा, शिवाय जहाजाचं कार्ड.

आता जहाजावर परत जाताना. ही बाटली तुम्हाला केबिनमध्ये नेता येत नाही, कारण उघड आहे, मग त्यांच्या बारमध्ये कोण जाणार. चढताना सामान एक्सरेतून जातं, बाटली दिसली की बाजूच्या टेबलावर बोलावतात, खोक्यावर केबिन नंबरचं टॅग बांधतात आणि टॅगचा अर्धा तुकडा तुमच्या हातात देतात. तो तुकडा म्हणजे तुमची दारू, तो हरवायचा नाही. मी फोनच्या कव्हरमागे सरकवला आणि टॅगचा, खोक्याचा, आतल्या बाटल्यांचा असे फोटोही काढले. बायको हसली, पण शेवटच्या दिवशी आमच्या पुढच्या एका काकांचा तुकडा सापडत नव्हता आणि अगदी तसल्याच खोक्यांची छताला लागेल एवढी रास होती, तेव्हा हसायची थांबली. माउथवॉशच्या बाटलीत भरून नेणं, शॅम्पूच्या बाटलीत भरून नेणं असले प्रकार लोक करतात, ते करू नका, पकडली की ओततात आणि वर बोलणी खावी लागतात.

बाटल्या परत मिळतात शेवटच्या रात्री किंवा उतरायच्या दिवशी सकाळी, दर कंपनीची पद्धत वेगळी, कुठे केबिनच्या दाराशी आणून ठेवतात तर कुठे एका हॉलमध्ये रांग लावायची. आणि इथे एक असा पेच आहे जो कुणीच आधी सांगत नाही. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीत त्या खाली जातात आणि थेट सकाळी टर्मिनलवर भेटतात. तुमच्या बाटल्या आल्या त्यानंतर, म्हणजे बॅग गेली आणि खोकं हातात! गाडीने घरी जाणार असाल तर काही प्रश्न नाही. पण विमान असेल तर हातात लिटरची बाटली सिक्युरिटीतून जात नाही, १०० मिलीचा नियम तिथे लागतोच, बंदरावरचं ड्यूटी-फ्री म्हणून कुणी सूट देत नाही. म्हणून विमानाने जाणाऱ्यांनी बॅगा बाहेर ठेवायच्याच नाहीत, आपल्या आपण ओढत उतरायचा पर्याय असतो तो घ्यायचा आणि एका बॅगेत जागा रिकामी ठेवून यायचं, किंवा आत घडी करून एक रिकामी डफल आणायची.

विमानाचे नियम असे की २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू चेक-इन बॅगेत माणशी ५ लिटरपर्यंत, सीलबंद. ७० च्या वर असेल तर अजिबात नाही, ना चेक-इन ना हातात. १५१ प्रूफची रम म्हणजे ७५.५ टक्के, दुकानात ढिगाने असते आणि लोक कौतुकाने घेतात, ती विमानात जाणार नाही. जमैकाची रे अँड नेफ्यू ओव्हरप्रूफ ६३ टक्क्यांची, ती चालते. पोस्टाने पाठवून देऊ असंही डोक्यात आणू नका, अमेरिकन पोस्टात दारू टाकायला बंदी आहे.

बाटली बॅगेत घालायची कशी यावर मी आता स्वतःला एक्सपर्ट समजतो कारण एक फुटली आहे. बॅग नेवार्कच्या पट्ट्यावर यायच्या आधी तिचा वास आला. मी बाटली जीन्समध्ये गुंडाळली होती पण बॅगेच्या कडेला उभी ठेवली होती, आणि फुटली नुसती मानेशी, पण लिटरभर रम सगळ्या बॅगेत, बायकोच्या एका पैठणीच्या ओढणीसकट, त्यावर आमच्या घरी अजूनही बोलणं होतं. तर बाटली मधोमध, आडवी, चारी बाजूंनी किमान दोन इंच कपडे, मानेला मोजे घट्ट गुंडाळून, आणि प्रत्येक बाटली वेगळ्या झिपच्या प्लास्टिक पिशवीत, दोन पिशव्या घातल्या तर आणखी बरं. दोन बाटल्या एकमेकींना टेकल्या नाही पाहिजेत. वजन धरून चला, लिटरची भरलेली काचेची बाटली दीड किलोच्या आसपास जाते, म्हणजे पाच बाटल्या साडेसात-आठ किलो आणि बॅगेला २३ ची मर्यादा.

उतरल्यावर कस्टम्स. आजकाल बऱ्याच ठिकाणी कागद भरून घेत नाहीत, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा आणि अधिकारी विचारतो काही दारू-सिगरेट आहे का. आहे तेवढी सगळी सांगायची. अमुक लिटर, सेंट थॉमसला घेतली, त्यात एवढी लोकल, बिलं ही. जास्त आणली तरी गुन्हा नाही, वरच्या बाटल्यांवर ड्यूटी आणि एक्साइज भरायची. फेडरल एक्साइज पूर्ण दराने धरली तर ४० टक्क्यांच्या ७५० मिली बाटलीवर २.१४ डॉलर होते, ड्यूटी त्यावर वेगळी. एवढ्यासाठी खोटं बोलायचं आणि सापडलं की माल जप्त, वर दंड, शिवाय व्हिसावर असाल तर उगाच नावापुढे नोंद, कुणी सांगितलंय. ८०० किंवा १६०० ची सूट ३० दिवसांतून एकदाच मिळते, पाठोपाठ दोन क्रूझ करणाऱ्यांनी ते लक्षात ठेवा. आणि नासाऊला हवाना क्लब दिसते, क्युबाची रम, फार मोह होतो, पण सप्टेंबर २०२० पासून क्युबाची दारू आणि सिगार अमेरिकेत आणायला बंदी आहे, तिथेच प्या आणि या.

टेक्सासवाल्यांनो, तुमचं गॅल्व्हेस्टन बंदर वेगळं आहे. तिथे राज्याच्या अल्कोहोल खात्याचं स्वतःचं टेबल असतं, केंद्राची सूट असली तरी राज्याचा टॅक्स आणि बाटलीमागे ३ डॉलर फी द्यावी लागते, एकच बाटली असली तरी. आणि ३० दिवसांत १ गॅलनच्या वर हार्ड लिकर आणता येत नाही, म्हणजे पावणेचार लिटर. आपल्याकडे गोव्याहून येताना इन्सुली नाक्यावर डिकी उघडायला लावतात ना, त्याचीच आठवण येते, फक्त इथे ते पावती देतात आणि गुड डे म्हणतात.

सेंट मार्टेनला फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर भाव सेंट थॉमसच्या तोडीचे वाटले मला, पण कोटा आधीच भरलेला असल्याने तिथे एकच बाटली घ्यायची तर ग्वाव्हाबेरी लिकर घ्या, तिथल्या जंगली बेरीपासून रममध्ये करतात, गोड-तुरट, आपल्याकडचं जांभूळ आठवतं थोडं. घरी पाहुण्यांना देण्यासारखी तीच एक वस्तू निघाली, स्कॉच काय सगळ्यांकडे असते.

आता भारतात न्यायची असेल तर. तिकडे माणशी २ लिटरची सूट आहे, मग ती सेंट थॉमसला घेतलेली असो की मुंबई विमानतळावर उतरल्यावरच्या ड्यूटी-फ्रीत, दोन्ही मिळून २ लिटर. हे विसरून लोक बॅगेत दोन बाटल्या असताना उतरल्यावर अजून दोन घेतात आणि मग ग्रीन चॅनलमध्ये चेहरा पडतो. नेहमीची स्कॉच इथून ओढून नेण्यात अर्थ नाही, ती मुंबईला मिळतेच, न्यायचीच तर क्रूझान सिंगल बॅरल किंवा ती ग्वाव्हाबेरी न्या. आणि चार मित्र, तीन भाऊ, दोन मेव्हणे असं सगळ्यांना काहीतरी द्यायचं असेल तर ५० मिलीच्या मिनिएचर घ्या, दुकानात काउंटरपाशी टोपलीत पडलेल्या असतात. त्या १०० मिलीच्या आत असल्याने एका झिपच्या पिशवीत मावतील तेवढ्या हातातल्या बॅगेतून जातात, सहसा फुटत नाहीत, आणि २० घेतल्या तरी होतो १ लिटरच.